एका ध्वनिफितीची पाठचिकित्सा

गेल्या पावसाळ्यात आम्ही सौंदडच्या घरी संगीताचा एक सर्व्हर बसवला. ‘सर्व्हर’ हा शब्द वाचून कोणाच्या डोळ्यांसमोर थंडगार खोलीतली लोखंडी कपाटे उभी राहिली असतील, तर त्यांनी ती खुशाल आवरून ठेवावीत. आमचा सर्व्हर म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढी रास्पबेरी पाय नावाची एक पाटी आणि तिला जोडलेली एक हार्ड डिस्क. धूळ बसू नये म्हणून धाकट्या बहिणीने दोहोंसाठी खणाचे एक झाकणही शिवून दिले होते. ते चौथ्या दिवशी काढावे लागले, कारण यंत्राला ऊब मानवेना.

हा उपद्व्याप आम्ही केला तो ‘चांगल्या आवाजा’साठी. सौंदड हे गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यातले गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) गावावरून जातो आणि गोंदियाहून नागभीड-बल्लारशाकडे जाणारी रेल्वेही येथे थांबते. दळणवळणाची म्हणून काही वानवा नाही. महाजालही भ्रमणध्वनीवरून येते. फक्त ते कधी नांदेल आणि कधी रुसेल याचा नेम नसतो. महाजालावरून ऐकण्याच्या ज्या सेवा असतात त्या जोडणी मंदावली की आवाजाचा दर्जा मुकाट्याने खाली आणतात. गाणे तुटत नाही, पण विरते. विलंबित ख्यालात दोन सुरांच्या मधल्या जागेत तानपुऱ्याची जी आस भरून राहिलेली असते, तिच्याजागी वाळू चाळल्यासारखे काहीतरी ऐकू येऊ लागते. सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक बाजूचे ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. मंद जोडणीवर त्यांतले शंभरही उरत नाहीत. जे गाळले ते मानवी कानाला नाहीतरी ऐकू येत नाही, असे गृहीत धरलेले असते. तानपुऱ्याच्या जवारीला हे गृहीतक ठाऊक नसावे.

तेव्हा बाहेरच्या नळावर विसंबण्यापेक्षा घरात विहीर असावी, असा विचार आम्ही केला. आपल्याजवळच्या सीड्या एकदा फ्लॅक या प्रकारात संगणकावर उतरवायच्या (यात एकही बिट वाया जात नाही आणि जागा साधारण निम्मी लागते), त्या एका जागी ठेवायच्या आणि घरातल्या कोणत्याही खोलीत, हव्या त्या वेळी वाजवायच्या. त्यासाठी लागणारी आज्ञावली फुकट मिळते आणि तिची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. स्लिम डिव्हायसेस नावाच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीने ती ‘स्क्वीझबॉक्स’ या आपल्या यंत्रासाठी लिहिली. २००६ साली लॉजिटेकने ती कंपनी घेतली. २०१२मध्ये यंत्रे काढणे थांबवले. पण आज्ञावलीचा मूळ मजकूर खुला असल्यामुळे हौशी मंडळींनी ती जगवली आणि २०२४पासून ती ‘लिरिऑन’ या नावाने नांदते आहे. इंग्रजी बोलीत स्क्वीझबॉक्स म्हणजे अकॉर्डियन, आपल्या बाजाच्या पेटीची सख्खी मावसबहीण. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दाराबाहेर काढले आणि तीसेक वर्षे आत घेतले नाही, हे ज्यांना आठवते त्यांना या नावाची गंमत वाटावी.

यंत्रे जोडण्याचा तपशील आम्ही लांबवत नाही. मातीच्या जाड भिंतींतून वाय-फाय पलीकडे पोचेना, म्हणून आढ्यावरून तार टाकली. पहिली तार उंदरांनी कुरतडली, दुसरी नळीतून नेली. वीज अवचित गेली की पाटीवरचे मेमरी कार्ड बिघडते हे दोन कार्डे गमावल्यावर कळले, आणि मग एक छोटा यूपीएस आणला. या काळात एक गोष्ट मात्र नीट उमगली. सर्व्हरमुळे आवाज सुधारत नाही. तारेतून जातात ते आकडे. एखादा वाटेत हरवला तर यंत्र तो पुन्हा मागून घेते. आकडे पोचले की पोचले. महागड्या तारेतून ते अधिक गोड होऊन पोचतात असे सांगणाऱ्यांची एक जमात आहे. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो या आकड्यांची पुन्हा विद्युत्-लहर करणाऱ्या डबीने, त्याहून जास्त स्पीकरने, आणि सगळ्यांत जास्त खोलीने. आम्ही स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले आणि समोरच्या भिंतीशी पुस्तकांची मांडणी हलवली. एवढ्या दोन फुकटच्या गोष्टींनी जे झाले ते बाकी सगळ्या खर्चाने झाले नव्हते.

खरे काम पुढेच होते, आणि ते नावांचे होते. ही आज्ञावली प्रत्येक धारिकेला (फाईलला ‘धारिका’ म्हणायची आमची जुनी खोड सुटत नाही) कलाकार, आल्बम, संगीतकार, प्रकार असे रकाने विचारते. आता मल्लिकार्जुन मन्सूरांच्या एखाद्या मैफिलीत आल्बम कोणता आणि संगीतकार कोण? रागाला रकानाच नाही. बरेच लोक राग ‘संगीतकारा’च्या रकान्यात लिहितात; आम्हीही तेच केले, आणि आता आमचा पडदा बिनदिक्कत ‘संगीतकार : यमन’ असे सांगतो. विचार केला तर ते अगदीच खोटे नाही. दुसरी अडचण लिपीची. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि त्याच नावाचे रोमन रूप हे यंत्राच्या लेखी तीन वेगळे गवई. युनिकोडपूर्व काळातल्या टंकांत आम्हीच कधीकाळी दिलेली नावे तर नुसत्या चौकोनांच्या रांगा झाल्या होत्या. जुन्या पोथ्यांची सूची करणाऱ्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल: एकच ग्रंथ चार नावांनी, एकाच नावाचे चार ग्रंथ, आणि शेवटचे पान गहाळ.

एरवी आम्ही येथेच थांबलो असतो. पण सीड्या संपल्यावर कपाटाच्या तळातून वडिलांच्या कॅसेटी निघाल्या.

वडील शिक्षक होते. नागपूर केंद्र हे आमच्या घराचे केंद्र. १९४८ साली सुरू झालेले हे केंद्र त्यांच्या पिढीला शहराइतकेच खरे होते. किंबहुना शहर त्यांनी पुष्कळ उशिरा पाहिले. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते ध्वनिमुद्रण करीत, आणि तेवढा वेळ घरात कोणी बोलायचे नाही असा दंडक असे. तो कोणी पाळत नसे, ही गोष्ट वेगळी. अशा साठेक कॅसेटी होत्या. त्यांतल्या एका कॅसेटच्या पहिल्या बाजूवर नागपूर केंद्राची सकाळची सभा आहे, अगदी संकेतधुनेपासून. दुसऱ्या बाजूवर साधारण वीस मिनिटे आमची आजी जात्यावर ओव्या म्हणते आहे. वडिलांनी वेष्टनावर पेन्सिलीने लिहिले आहे : ‘आई, उन्हाळा १९८७’. तेव्हा आजी सत्तरी ओलांडलेली होती. १९९१ साली ती गेली. गावात पिठाची गिरणी होतीच, पण लाखोळीची डाळ भरडायला तिला घरचेच जाते लागे.

ही वीस मिनिटे आमच्या घरात मुखोद्गत आहेत. वडील दर दिवाळीला ती लावत. आम्ही एम. ए.ला असताना ओवीगीतांवर एक निबंध लिहिला, त्यालाही आधार हीच फीत. त्या निबंधातला एक मुद्दा आमच्या प्राध्यापकांना विशेष आवडला होता. आम्ही असे लिहिले होते की, गायिका आरंभी खालच्या सुरात, जरा संकोचाने म्हणते. पण ओवीमागून ओवी येते तसतसा तिचा सूर चढत जातो, लयही वाढते, आणि शेवटच्या ओव्यांत ती मुद्रणाचे, मुलाचे, श्रमाचेही भान विसरलेली असते. श्रमातून श्रमविस्मृतीकडे होणारा हा प्रवास, वगैरे. या निबंधाला बक्षीस मिळाले होते.

कॅसेट संगणकावर उतरवणे म्हणजे ती नुसती वाजवणे नव्हे. मुद्रणशीर्षाचा कोन ज्या यंत्रावर मुद्रण झाले त्याच्याशी जुळला नाही तर वरचे सूर बुजतात. म्हणून पेचकस घेऊन एक बारीक स्क्रू केसभर फिरवत बसावे लागते. तो कोन साधला, आणि आजीच्या ‘स’ला धार आली. मग फितीची खरखर काढण्याची हौस आली. आज्ञावलीला खरखरीचा एक नमुना दाखवायचा, की ती तेवढी खरखर सगळीकडून वजा करते. घड्याळाची टकटक काढायला वेगळी कळ. सपरीतून आत जाणाऱ्या दारावर लंबकाचे घड्याळ टांगलेले होते, आणि आजी जाते थांबवून मूठभर डाळ घाली तेव्हा मधल्या शांततेत त्याची टकटक स्पष्ट ऐकू येत असे. तीन रात्री खपून आम्ही ते घड्याळ पुसून टाकले. ऐकले तर फीत स्वच्छ झाली होती, परंतु आजी बोबडी झाली होती. खरखर आणि ‘स’ हे व्यंजन दोन्ही एकाच उंच पट्ट्यात राहतात. खरखर उपटताना ‘स’ही उपटला जातो. झाडीबोलीत श-षच्या जागीही बहुधा ‘स’च येतो. त्यामुळे प्रत्येक घाव नेमका एकाच अक्षरावर पडला होता. सुदैवाने मूळ प्रत आम्ही तशीच ठेवली होती.

साहित्याच्या विद्यार्थ्याला खरे तर हे आधी सुचायला हवे होते. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे अनेक हातांनी बिघडलेले पाठ होते आणि ते निवडून त्यांनी एक सुवाच्य संहिता दिली. तिच्यावर पुढची तीन शतके पोसली. नंतर राजवाड्यांनी १९०९मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, आणि शुद्ध म्हणजे काय हा प्रश्न पुन्हा उभा राहिला : वाचकाला सुगम ते, की कर्त्याच्या जवळचे ते? भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. १९२५पासून ती ज्यांच्या हाती होती त्या सुकथनकरांची शिस्त आम्हांला वर्गात शिकवली गेली होती. वर संहिता, खाली पाठभेद; काहीही पुसायचे नाही, गाळले ते तळाशी दाखवायचे. आणि पाठचिकित्सेचे ते दुसरे तत्त्व, जे परीक्षेपुरते पाठ करून आम्ही विसरलो होतो : लेखनिकाच्या चुका हा निव्वळ कचरा नसतो. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली तर त्या एकाच पोथीवरून उतरल्या असाव्यात हे कळते. वंश कळतो तो चुकांवरून. निर्दोष पाठ त्याबाबतीत मुका असतो.

मूळ प्रत पुन्हा ऐकताना आम्हांला पहिल्यांदाच शंका आली की फितीचा वेग बरोबर नसावा. आवाज आमच्या आठवणीतल्या आजीपेक्षा पातळ वाटत होता. आठवणीचा भरवसा काय, म्हणून माप शोधू लागलो. आम्ही ज्या डेकवर वाजवत होतो त्याचा वेग ठीक होता. ज्याची सीडीही जवळ होती अशा एका विकतच्या कॅसेटने ते ताडून पाहिले होते. प्रश्न वडिलांच्या रेकॉर्डरचा होता. पहिल्या बाजूवर दोन मापे मिळाली. एक, विजेची गुणगुण. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या रेकॉर्डरमध्ये ५० हर्ट्झची एक बारीक गुणगुण उतरते. ती फितीवर किती भरते हे पाहिले की वेग कळावा. पण त्या वर्षांत आपल्या विजेची वारंवारताच ५०वर ठरत नसे. मागणी वाढली की ४९च्याही खाली घसरे, मागणी नसली की वर जाई. एका हर्ट्झचा फरक म्हणजे दोन टक्के, म्हणजे एका अर्धस्वराचा तिसरा हिस्सा. दुसरे माप आकाशवाणीची संकेतधून. वॉल्टर काउफमान या मुंबईत आश्रयाला आलेल्या ज्यू संगीतकाराच्या नावावर ती सांगितली जाते, आणि देशभर तीच धून वाजत असल्यामुळे ती पट्टीसारखी वापरता येईल असे वाटले. मात्र ताडण्यासाठी मिळवलेल्या तिच्या दोन प्रतींचेच एकमेकींशी जुळेना. ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या तबकड्याही नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत, आणि म्हणून जुन्या गवयांची पट्टी कोणती हा वाद मिटत नाही, हे आम्हांला वाचून माहीत होते. आता ते अंगावर आले.

आणि दुसऱ्या बाजूला तर ही दोन्ही मापे नव्हतीच. सपरीत प्लग नव्हता. तेथले मुद्रण सेलवर झाले होते. पेटी नाही, तानपुरा नाही. आजीच्या सुराला बांधून ठेवणारे त्या फितीवर काही नव्हते.

अपवाद एकच होता, आणि तो आम्ही तीन रात्री जागून पुसला होता.

लंबकाचे घड्याळ वेळ बरोबर दाखवत असेल तर त्याचे ठोके दर मिनिटाला ठरलेलेच पडणार. घड्याळ घरातच होते, बरीच वर्षे बंद. पुसून, तेल घालून, चावी दिली. ठोके मोजले : मिनिटाला १२०. त्या काळी ते दिवसाला पाच मिनिटे मागेपुढे होत असेल असे धरले तरी चूक हजारात साडेतीनची. कानाला ती कळणार नाही. मग फितीवरची प्रत्येक शांतता शोधून तिच्यातले ठोके मोजले. पहिल्या शांततेत ते १२३च्या गतीने पडत होते. पुढच्या प्रत्येक शांततेत थोडे अधिक. शेवटच्या शांततेत १२८.

सेल उतरत गेले होते. सेल उतरले की रेकॉर्डरची मोटर मंदावते, फीत हळू सरकते. आणि अशी फीत पुढे योग्य वेगाने वाजवली की आवाज वर चढतो. सुरुवातीला तो अर्ध्या अर्धस्वराहूनही कमी चढलेला होता, अखेरीस एका अर्धस्वराहून थोडा अधिक. आमच्या निबंधातली ती सूर चढत जाण्याची किमया दोन उतरत्या सेलांची होती.

ठोके सर्वत्र १२०वर येतील असा वेग बसवून आम्ही ती वीस मिनिटे पुन्हा ऐकली. आजी पहिल्या ओवीपासून अखेरपर्यंत एकाच सुरात म्हणते. पट्टी ढळत नाही. बदलते ती लय, आणि तीही उलट्या बाजूला : जात्याचे फेरे हळूहळू मंदावत जातात, दोन ओव्यांमधला श्वास लांबतो, शेवटी शेवटी एखादा चरण संपण्याआधीच जाते थांबते. सत्तरी ओलांडलेली बाई पहाटे उठून डाळ भरडते आहे आणि दमते आहे. फितीचा वाढता वेग हे दमणे झाकून टाकत होता, आणि उरलेले झाकण आम्ही आमच्या निबंधाने घातले होते. श्रमविस्मृती हा शब्द लिहिताना आम्हांला फार सुख झाले होते, हे चांगले आठवते.

एकदा संशय शिरला की तो एका जागी राहत नाही. वडिलांनी या ओव्या एका वहीत उतरवून, क्रमांक घालून ठेवल्या आहेत. आजवर आम्ही वहीच वाचत आलो. फीत ऐकतानाही डोळ्यांसमोर वही असे. आता नुसत्या कानाने ऐकले. वहीत ‘पाणी’ आहे, आजी ‘पानी’ म्हणते. वहीत ‘जवळ’, तिच्या तोंडी ‘जवर’. वडील मराठी शिकवत. मुलांच्या वह्यांत जे लाल शाईने दुरुस्त करायचे तेच त्यांनी आईच्या ओव्यांत न कळत दुरुस्त केले असणार. त्यात अनादर नव्हता. आपल्या आईचे नीट छापण्याजोगे व्हावे एवढीच इच्छा असावी. काही ठिकाणी ‘ळ’मुळे यमक मोडले आहे, ते ‘र’ने जुळते. आणि दोन ओव्या फितीवर आहेत पण वहीत नाहीत. दोन्हींत सासरच्या माणसांविषयी, म्हणजे वडिलांच्याच आजा-आजीविषयी, जे आहे ते वहीत घेणे त्यांना जड गेले असावे. आमच्या निबंधातही अर्थात त्या नव्हत्या. फीत आमच्याजवळ होती, कान होते. तरी आम्ही छापील वाटणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवला.

सुधारलेली प्रत आम्ही बहिणीला नागपूरला पाठवली. संध्याकाळी तिचा फोन आला.

“दादा, ही आजी नाही.”

आम्ही तिला घड्याळाचे गणित सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

“गणित बरोबरच असेल,” ती म्हणाली. “पण आजी गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला तिचा खरा आवाज आठवतच नाही. मला दिवाळीतला आठवतो. बाबा लावायचे तो. तू तो काढून टाकू नकोस.”

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. पाठचिकित्सेत याला नाव आहे; ज्या पाठावर पिढ्या पोसल्या तो ‘प्रचलित पाठ’, आणि तो अशुद्ध ठरला तरी त्याचा एक इतिहास असतोच. पण फोनवर बहिणीला ‘प्रचलित पाठ’ म्हणणे बरे दिसले नसते. तिचा पातळ, चढत जाणारा सूर आम्ही ठेवला. तेव्हा सर्व्हरवर आता या ओव्यांच्या तीन प्रती आहेत : फितीवरून जशी उतरली तशी, वेग दुरुस्त केलेली, आणि ती खरखर काढलेली बोबडी प्रतसुद्धा, आपण काय करू शकतो याची आठवण राहावी म्हणून.

उरला रकान्यांचा प्रश्न. १९०२ साली गेस्बर्गने कोलकात्याला गौहर जानचे मुद्रण केले, तेव्हा गाणे संपताच तिने आपले नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला दाबल्या जात. तेथल्या माणसांना कोणाची तबकडी हे कळावे म्हणून, असे त्याचे कारण सांगतात. कलाकाराचा रकाना तिने स्वतःच्या तोंडाने भरला. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या २०१७पासून ‘परी’च्या संकेतस्थळावर येत आहेत, तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव असते. ‘लोकगीत, पारंपरिक’ एवढे लिहून मोकळे होणे किती सोपे असते, हे आम्ही आमच्या निबंधावरून जाणतो. त्यात आजीचे नाव नव्हते. ‘एक वृद्ध स्त्री’ असा उल्लेख होता. वस्तुनिष्ठता म्हणून.

नाव लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की ते कोणते लिहावे हे आम्हांला ठाऊक नाही. शिधापत्रिकेवर सासरचे. ते तिला लग्नात मिळाले आणि घरात कोणी कधी उच्चारले नाही. माहेरचे नाव शोधायला तिच्या भाच्याकडे जावे लागले. त्याला ते लगेच आठवले, कारण त्याची आई तिला त्याच नावाने हाका मारी. कलाकाराच्या रकान्यात आता ते नाव आहे. यंत्र वर्णानुक्रमाने लावते, तेव्हा आजी केसरबाई केरकरांच्या थोडी वर येते.

शेवटच्या चार मिनिटांचे मात्र काही करता आले नाही. तेथे जाते थांबतच नाही, थांबते तेथे महामार्गावरून एखादा ट्रक जातो, आणि घड्याळ ऐकू येत नाही. सेल आणखी किती उतरले असतील याचा अंदाज आधीच्या उतारावरून बांधून आम्ही वेग ठरवला आहे. तो दोन टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकेल. टिप्पणीच्या रकान्यात तसे लिहून ठेवले आहे : ‘१६ मिनिटांपासून पुढे वेग अनुमानाने, ठोके ऐकू येत नाहीत.’ बहिणीने खणाचे दुसरे झाकण पाठवले आहे, या वेळी वर जाळी ठेवून. घड्याळाला दर रविवारी चावी द्यावी लागते. ते दिवसाला चार मिनिटे मागे पडते.